पंचगंगेकाठचे पोलिश गाव

घिवलीच्या शेजारी, तारापूर अणुवीज केंद्राच्या कुंपणाजवळ, पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे होती. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी ती उठविण्यात आली. २००५ व २००६ साली ह्या दोन्ही अणुभट्ट्यांतून व्यापारी तत्त्वावर वीज निघू लागली. गावकरी मात्र समुद्रापासून दूर, आतल्या बाजूच्या नव्या वसाहतींत गेले. जाताना त्यांनी आपल्या गावांची नावे तेवढी सोबत नेली. घरांची भरपाई, नोकऱ्या, होड्या लावायची जागा ह्यांविषयी पुष्कळ बोलले गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, आणि ते योग्यच झाले. परंतु गाव उठते तेव्हा घरांबरोबर लग्नातली गाणी उठतात, होळीचे नाच उठतात, जाळे विणताना आजोबा सांगत त्या गोष्टी उठतात. त्यांचा पंचनामा कोणताही तलाठी करीत नाही. आणि त्या वेळी जी मुले शाळेत असतात, त्यांच्या हाती ह्यातले काय उरते?

ह्या प्रश्नाचा विचार करताना महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रकरण वारंवार डोळ्यांसमोर येते. आपल्या कॅथलिक वाचकांना ते ठाऊक असावयास हवे होते. पण कोल्हापूर परिसर सोडला तर त्याची आठवण फारच थोड्यांना आहे. १९४३ ते १९४८ ह्या काळात कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडे येथे, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचे एक संपूर्ण गाव नांदत होते. त्यात स्त्रिया आणि मुले ह्यांचाच भरणा होता. त्या गावाला चर्च होते, इस्पितळ होते, बालवाडीपासून मॅट्रिकच्या तोडीच्या परीक्षेपर्यंत शाळा होत्या, ग्रंथालय होते, रंगमंच होता. आज तेथे यातले जवळजवळ काहीही नाही.

ही माणसे पोलंडहून कोल्हापुरास आली कशी, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य आत शिरले. रशियाच्या वाट्याला आलेल्या मुलखातील लाखो लोकांना १९४० आणि १९४१ ह्या दोन वर्षांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियातील अरण्यांत नेऊन टाकण्यात आले. शिक्षक, वनरक्षक, पोलीस, सैनिक, जमिनीचा तुकडा असलेले शेतकरी आणि ह्या सर्वांची बायकामुले असे हे लोक होते. उपासमार, थंडी आणि हिवताप ह्यांनी किती मेले, ह्याचे आकडे आजही वादाचे आहेत. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज भासली. ३० जुलै १९४१ च्या करारानंतर ह्या पोलिश बंदिवानांना मोकळे करण्यात आले. जनरल आंदर्स ह्यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. पुरुष आघाडीवर गेले. बायकामुलांचे काय करायचे, हा प्रश्न मागे राहिला. आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा नाना दिशांना ती पांगली. काही हिंदुस्थानात आली.

सर्वांत आधी आली ती अनाथ मुले. १९४२ च्या वसंतात अश्गाबादहून लॉऱ्यांतून इराणच्या वाळवंटामार्गे क्वेट्टा, आणि तेथून पुढे मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांना आपल्या वांद्र्यास ठेवण्यात आले. मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स हे ह्या मुलांसाठी स्थापन झालेल्या निधीच्या समितीवर होते. त्या पहिल्या तांड्याबरोबर हांका ऑर्दोनुव्ना नावाची एक बाई होती. युद्धापूर्वी ती वॉर्साची अतिशय गाजलेली गायिका आणि नटी. सोव्हिएत कैदेतून ती क्षयाने खंगलेल्या शरीरानिशी बाहेर पडली आणि अनाथ मुले गोळा करण्याच्या कामाला लागली. ह्या भटकंतीवर तिने पुढे एक पुस्तकही लिहिले. नाटकमंडळीतली एक बाई अशा वेळी मुलांच्या तांड्याबरोबर असणे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पोलिश लोकांचा कलेकडे पाहण्याचा दृष्टिकोन समजून घेतला तर त्यात आश्चर्य वाटणार नाही.

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे ह्या मुलांसाठी छावणी उभारली आणि फादर फ्रान्सिशेक प्लुटा हे तिचे प्रमुख झाले. जामसाहेब मुलांची नाटके पाहावयास स्वतः येत, ही गोष्ट त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत सांगितली. एका हिंदू राजाने कॅथलिक मुलांना आसरा दिला, ह्या कथेचा गौरव अलीकडे बराच झाला आहे, आणि तो उचितच आहे. वळिवड्याची छावणी मात्र त्या कथेच्या सावलीत राहिली. वास्तविक ती कितीतरी मोठी होती, आणि अधिक काळ टिकली. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तेथील उरलेली मुलेही वळिवड्यासच आणण्यात आली.

आता ह्या मुलांच्या मनाची अवस्था ध्यानात घ्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाने तीन वर्षे शाळा पाहिलेली नव्हती. कित्येकांनी मधला काळ सोव्हिएत अनाथालयांत काढला होता. तेथे त्यांना देव नाही असे शिकविले गेले आणि पोलिश बोलण्याची सवय सुटत चालली होती. पंधरा वर्षांची मुलगी चौथीच्या वर्गात बसत असे. आई असली तर बाप सैन्यात, आणि बापाचे पत्र येईल की त्याच्या मृत्यूची बातमी, हे सांगता येत नसे. १९४४ च्या मे महिन्यात इटलीतील मोन्ते कास्सिनो येथे पोलिश सैन्याने फार मोठी किंमत देऊन विजय मिळविला. त्याची झळ वळिवड्याच्या घराघरांत पोहोचली असणार. अशा लोकांनी छावणीत आधी अन्नधान्याची सोय पाहावी, आणि नाच-गाणे, नाटक वगैरे चैनीच्या गोष्टी पुढे ढकलाव्यात, असे आपल्याला वाटेल. त्यांना तसे वाटले नाही.

ह्याचे कारण पोलंडच्या इतिहासात आहे. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया ह्या तीन शेजाऱ्यांनी पोलंडचे लचके तोडून ते राष्ट्र नकाशावरून पुसून टाकले. १९१८ पर्यंत, म्हणजे एकशे तेवीस वर्षे, पोलंड हे राज्य अस्तित्वात नव्हते. होते ते फक्त पोलिश भाषेत, गाण्यात, देवळात आणि घरात. १९०१ साली व्झेश्न्या नावाच्या गावी प्रशियन सरकारने धर्मशिक्षणाचा तासही जर्मन भाषेतून घेण्याचा हुकूम काढला. शाळकरी मुलांनी जर्मनमध्ये उत्तरे देण्यास आणि प्रार्थना म्हणण्यास नकार दिला. त्यांना छड्यांनी मारले. आवाज उठविणाऱ्या पालकांना तुरुंगात टाकले. पाच वर्षांनी हाच संप हजारो शाळकरी मुलांत पसरला. कोणत्या भाषेत देवाशी बोलायचे, ह्यासाठी मार खाणारी मुले म्हणून व्झेश्न्याचे नाव पोलंडमध्ये घरोघरी सांगितले जाते.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. नोव्हेंबर १९३९ मध्ये क्राकूव्हच्या यागिएलोनियन विद्यापीठाच्या प्राध्यापकांना एका सभेला बोलावून जर्मनांनी सरसकट अटक केली आणि छळछावणीत धाडले. विद्यापीठे आणि माध्यमिक शाळा बंद झाल्या. तेव्हा खासगी घरांत गुप्त वर्ग भरू लागले. त्याच क्राकूव्हमध्ये मिएचिस्वाव कोत्लार्चिक ह्या नाट्यवेड्या शिक्षकाने काही तरुण विद्यार्थ्यांना घेऊन १९४१ मध्ये एक गुप्त नाटकमंडळी काढली. पडदा नाही, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. एखाद्या घराच्या दिवाणखान्यात ओळखीची मोजकी माणसे जमत आणि नट जुन्या पोलिश महाकवींचे काव्य आवाजाच्या बळावर उभे करीत. पकडले गेले तर शिक्षा छळछावणीची होती. ह्या मंडळींत दगडाच्या खाणीत मजुरी करणारा भाषाशास्त्राचा एक विद्यार्थी होता. त्याचे नाव कारोल वोयतिला. पुढे पोप जॉन पॉल दुसरे म्हणून ते १९८६ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे दर्शन घेतले. त्यांच्या मराठीतल्या चरित्रांत खाण येते, कारखाना येतो, गुप्त सेमिनरीही येते. त्या नाटकमंडळीला मात्र एखाद-दुसऱ्या वाक्याहून जास्त जागा क्वचितच मिळते. माझ्या मते ही मोठीच उणीव आहे. शब्दाचे सामर्थ्य त्यांना त्या दिवाणखान्यांत उमगले आणि व्यासपीठावरचा त्यांचा प्रत्येक शब्द तोलून येई, त्याचे मूळ तेथे आहे.

सांगण्याचा मुद्दा असा की वळिवड्याच्या शिक्षिका ह्या परंपरेत वाढलेल्या होत्या. मुलांना मातृभाषा, गाणी आणि नाटक शिकविणे हे त्यांच्या लेखी भाकरीच्या पंगतीतले काम होते.

छावणी तशी साधी होती. दगडी जोत्यांवर उभारलेल्या लांबच लांब चाळी, चटयांच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी. चटईच्या भिंतीपलीकडच्या घरातले कुजबुजणेही ऐकू येई. मुले पंचगंगेत पोहत. भाजी, दूध, कापड घेऊन आसपासचे विक्रेते येत, आणि भाषेचा प्रश्न कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने आपल्या पद्धतीने सोडविला: तोच पोलिश बोलू लागला! मराठी शिकण्याची तसदी पोलिश लोकांपैकी फार थोड्यांनी घेतली. ह्याचा दोष त्यांना द्यावा का? परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला माणूस पाहुण्या घराची भाषा सहसा शिकत नाही. तरीही पाच वर्षे कोल्हापूरच्या दारात राहून त्या शहराच्या तालमी, तमाशा, चित्रपट-स्टुडिओ ह्यांच्याशी ह्या कलाप्रेमी लोकांचा संबंध बेताचाच आला, ह्याची रुखरुख वाटते.

ह्या बाबतीत एका व्यक्तीचा अपवाद ठळक आहे. वांदा दिनोव्स्का ही पोलिश विदुषी १९३० च्या दशकातच हिंदुस्थानात आली होती. थिऑसॉफीच्या ओढीने ती आली आणि महात्मा गांधींच्या सहवासात ‘उमादेवी’ झाली. तिचा सहकारी मॉरिस फ्रिडमन, ऊर्फ भारतानंद, हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू अभियंता. औंध संस्थानात प्रजेच्या हाती सत्ता सोपविण्याचा जो प्रयोग झाला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. ह्या दोघांनी १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. भारतीय वाङ्मय पोलिशमध्ये आणि पोलिश काव्य इंग्रजीत, असा तिचा दुहेरी व्यवहार होता. दिनोव्स्काबाई वळिवड्यास येऊन तरुण मुलामुलींपुढे हिंदुस्थानाविषयी व्याख्याने देत. एका थिऑसॉफिस्ट बाईने कॅथलिक मुलांना गीता समजावून सांगावी, हे छावणीतल्या सर्वच वडीलधाऱ्यांना रुचले असेल असे नाही. तरी ती खिडकी त्या मुलांसाठी उघडली गेली, हे बरे झाले.

शाळेकडे वळू. पाठ्यपुस्तके नव्हतीच म्हटले तरी चालेल. पोलिश सैन्याच्या शिक्षणखात्याने जेरुसलेमला छापलेली काही पुस्तके हळूहळू येऊ लागली; मुंबईहून ‘पोलाक व्ह इंदियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानातील पोल’, हे नियतकालिक निघत असे. बाकीचे सारे वहीत उतरवून घ्यायचे. ह्यावरून आपल्या पूर्वजांची आठवण येते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांविरुद्ध हुकूम काढला आणि छापील ग्रंथ दुर्मिळ होत गेला. तो वाचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे, आणि उपवासकाळात घरोघरी व देवळांत त्याचे मोठ्याने वाचन होत राहिल्यामुळे. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला, तेव्हा अशा हस्तलिखितांचाच आधार घ्यावा लागला. आपल्या मराठी लिपीत तो १९५६ मध्ये पुण्याहून आला. नक्कल करणारे आणि मोठ्याने वाचणारे ते हजारो अनाम हात आणि कंठ नसते, तर आज आपल्याजवळ काय असते? वळिवड्याच्या वह्यांचे मोल मी ह्याच मापाने मोजतो.

शाळा सुटली की दुसरी शाळा भरे, ती स्काउट आणि गाइड पथकांची. पोलिश स्काउट चळवळ ही १९१० च्या सुमारास, पारतंत्र्यातच जन्मली. त्यामुळे गाठी मारणे आणि तंबू ठोकणे ह्यांच्याइतकेच शेकोटीभोवती गाणे, गोष्ट सांगणे, छोटे प्रवेश करणे हा तिचा गाभा होता. सायबेरियाहून आलेल्या अबोल मुलांना बोलते करण्याचे काम ह्या शेकोट्यांनी केले. पथकांच्या सहली पन्हाळ्यावर जात. ह्या कामासाठी सैन्यातून पाठविण्यात आलेल्या प्रशिक्षकांपैकी एक होते झ्दिस्वाव पेश्कोव्स्की. हा तरुण अधिकारी कोझेल्स्क येथील सोव्हिएत युद्धकैद्यांच्या छावणीतून जिवंत सुटला होता. तेथल्या त्याच्या हजारो सोबत्यांना १९४० च्या वसंतात कातिन येथील जंगलात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या होत्या. इतके मरण पाहिलेला हा माणूस वळिवड्यास येऊन मुलांबरोबर शेकोटीपाशी गाऊ लागला. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत त्याने धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि कातिनच्या हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी २००७ मध्ये मृत्यू येईपर्यंत काम केले. फादर पेश्कोव्स्कींच्या आयुष्यात कोल्हापूर आहे, हे आपल्या किती जणांना ठाऊक आहे?

तिसरा धागा चर्चचा. छावणीचे धर्मगुरू फादर लेओपोल्ड डॅलिंगर. पोलिश लोकांत धार्मिक सण आणि लोककला ह्यांची सीमारेषा कोठे आहे, हे दाखविणे कठीण. नाताळच्या पूर्वसंध्येला, ‘विगिलिया’ला, आकाशात पहिला तारा दिसेपर्यंत उपवास, मग सर्वांनी ‘ओप्वातेक’ नावाच्या पातळ पापडीचा तुकडा एकमेकांशी मोडून खायचा, क्षमा मागायची, आणि ताटांच्या रांगेत एक ताट अनाहूत पाहुण्यासाठी रिकामे ठेवायचे. वळिवड्याच्या कित्येक घरांत ते रिकामे ताट कोणाचे, हे सांगावे लागत नसेल. त्यानंतर ‘कोलेंडा’ म्हणजे नाताळगीते, आणि ‘यासेव्का’, म्हणजे गोठ्यातील बाळ येशूच्या जन्माचे नाटक. ह्या नाटकात मेंढपाळ पोलिश खेडुतांची बोली बोलतात, हेरोद राजा बडबडतो, मृत्यू त्याचे डोके उडवितो, आणि प्रेक्षक हसून लोळतात. आपल्याकडच्या नाताळच्या नाटिकांत सगळेच फार गंभीर चेहऱ्याने उभे असतात, ते पाहताना ही गोष्ट मनात येतेच. मुलांनीच पात्रे करायची, मुलांनीच पुठ्ठ्याचे मुकुट करायचे. ख्रिस्तदेहाच्या सणाला, ३ मे आणि ११ नोव्हेंबर ह्या राष्ट्रीय दिवशी मिरवणुका निघत. लोकनृत्यांसाठी पोशाख लागत. क्राकोव्हियाक नाचायचे तर रिबिनी आणि मणी लावलेली चोळी हवी. ती आयांनी बाजारात मिळेल त्या कापडातून शिवली. छावणीतल्या बायकांच्या भरतकामाचे नमुने छावणीबाहेरच्या प्रदर्शनांतही मांडले जात. ज्या मुलींचे फुप्फुस सायबेरियाने पोखरले होते त्यांना पाचगणीस पाठविले जाई; तेथेही हाच क्रम चाले.

मुंबईचे पोलिश कॉन्सल एउगेनियुश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा ह्यांनी ह्या साऱ्याचा आर्थिक व प्रशासकीय भार वाहिला. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार पैसा पुरवीत असे.

येथपर्यंतची कथा उत्साहवर्धक आहे. पण तिचा पाया एका अपेक्षेवर होता: युद्ध संपेल आणि आपण घरी जाऊ. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन एकत्र बसले आणि पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेस सरकविण्याचे ठरले. ल्वूव्ह, विल्नो आणि भोवतालचा प्रदेश सोव्हिएत संघात गेला. वळिवड्याच्या बहुतेकांची घरे नेमकी त्याच प्रदेशात होती. मे महिन्यात युरोपातील युद्ध संपले, विजयाच्या घंटा वाजल्या, आणि ह्या लोकांना परतण्यासाठी गाव उरले नाही. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालील सरकारला दिली. ज्या सरकारने पैसे पुरविले, शिक्षकांच्या नेमणुका केल्या, परीक्षा घेतल्या, ते सरकारच एका रात्रीत नाहीसे झाले. छावणीचा कारभार पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांकडे गेला.

माझ्या दृष्टीने ह्या इतिहासाचा खरा कस १९४५ ते १९४८ ह्या तीन वर्षांत लागला. परतीची आशा होती तोवर मुलांना पोलिश व्याकरण शिकविण्याला व्यावहारिक अर्थ होता. ती आशा मावळल्यावर ते कशासाठी शिकवायचे? इंग्रजी शिकणे अधिक शहाणपणाचे नव्हते का? इंग्रजी त्यांनी शिकविलेही. पण पोलिशचे वर्ग बंद पडले नाहीत, शेकोट्या विझल्या नाहीत, नाताळचे नाटक थांबले नाही. कोणी ह्याला हट्ट म्हणेल. छावणीत बंदिस्तपणा होता, जुन्या प्रतिष्ठितांचा तोरा होता, बाहेरच्या जगाविषयी अज्ञानही होते. पण ह्या हट्टामुळे मुलांच्या हाती असे काही पडले की जे सीमेवर कोणाला हिसकावून घेता आले नाही. थोडे लोक पोलंडला परतले. ज्यांचे बाप-भाऊ पोलिश सैन्यात होते ते ब्रिटनला गेले. १९४७ च्या ब्रिटिश कायद्याने तेथे त्यांच्या पुनर्वसनाची सोय केली. काही आफ्रिकेत, काही ऑस्ट्रेलियात, काही अमेरिकेत गेले. एका पोलिश मुलीने कोल्हापुरातच संसार थाटला आणि ती मराठी झाली.

आपल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात ही गोष्ट वाचताना ती दूरची वाटू नये. औद्योगिक वसाहतीमुळे येथे केरळ, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश अशा सगळ्या दिशांची माणसे आली आहेत, आणि रविवारच्या मिस्सेला बसलेल्या मुलांच्या घरात पाच-सहा निरनिराळ्या भाषा बोलल्या जातात. शाळेत मात्र सगळ्यांना इंग्रजी हवे असते. वसईतल्या आपल्या बांधवांची सामवेदी आणि वाडवळी बोली, त्यातली लग्नगीते, ह्यांची गत काही निराळी नाही. त्यांवर पुस्तके निघाली, संमेलने झाली. पण संमेलनात व्यासपीठावर साठीच्या बाया गातात आणि नाती मोबाइलवर त्यांचे चित्रण करतात. वळिवड्यात ह्याच्या नेमके उलटे होते. तेथे मुले गात होती आणि म्हाताऱ्या ऐकत होत्या. १९७५ नंतर व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेले कॅथलिक अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात स्थिरावले, तेव्हा त्यांनीही धर्मग्रामातच रविवारचे मातृभाषेचे वर्ग आणि मुलांची युवापथके सुरू केली. भाषा, गाणे आणि पंचांगातले सण ह्यांना आठवड्याच्या वेळापत्रकात जागा दिली, आणि ती चालविण्याचे काम पोरांवर सोपविले. पोफरण-अक्करपट्टीच्या नव्या वसाहतींत असे वेळापत्रक कोणी आखले असते तर पैसा फारसा लागला नसता; एखादा शिक्षक, एखादी शेकोटी आणि दर शनिवारची संध्याकाळ.

वळिवडे १९४८ मध्ये रिकामे झाले. त्याच चाळींत फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे राहावयास आली. एक निर्वासित निघाले, दुसरे आले. भिंती त्याच, चटया त्याच. वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले, आणि आज कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून सारा दक्षिण महाराष्ट्र तिला ओळखतो. छावणीत मरण पावलेल्या पोलिश लोकांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. २०१४ मध्ये त्यांची डागडुजी झाली. त्याआधी १९९८ मध्ये शहरातील महावीर उद्यानात एक स्मृतिस्तंभ उभा राहिला होता, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये खुद्द वळिवड्यातही एक उभारला गेला. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

छावणीतल्या मुलांनी पुढे लंडनमध्ये ‘१९४२ ते १९४८ ह्या काळातील हिंदुस्थानातील पोल’ ह्यांचे एक मंडळ स्थापन केले. स्वतःच्या आठवणी आणि कागदपत्रे जमवून त्यांनी एक जाडजूड ग्रंथ पोलिशमध्ये सिद्ध केला, नंतर त्याचे इंग्रजी भाषांतरही काढले. जगभर पांगलेली ही मंडळी दर दोन वर्षांनी पोलंडमध्ये एकत्र जमू लागली. मेळाव्याला आलेल्यांपैकी बहुतेकांची जन्मगावे आता युक्रेन, बेलारूस किंवा लिथुएनियात आहेत. संध्याकाळी शेकोटी पेटते, आणि वळिवड्यात शिकलेली गाणी ते पोलिशमध्येच म्हणतात.